पूजेत नसलेला पाना

पेट्रोलला मी भितो. आजही पंपावर गाडीत पेट्रोल भरताना मी नळीच्या तोंडाकडे बघत उभा राहतो आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतो. ज्याने उमेदीची सगळी वर्षं इंजिनांत हात घालून काढली, त्याला हे सांगायला लाज वाटायला हवी, आणि वाटतेही. पण पुढे जे सांगणार आहे, त्यापुढे ही लाज काहीच नाही.

मी मूळचा डिझेलचा माणूस. साताऱ्यात डिझेल इंजिनांच्या इंधनपंपांचं काम शिकलो आणि तेच करत राहिलो. डिझेल समजूतदार असतं. सांडलं तर पुसायचं, हात धुवायचे, विषय संपला. त्याच्या इंजिनाला ठिणगीही लागत नाही; हवा दाबली जाऊन इतकी तापते की डिझेल आपसूक पेट घेतं. पेट्रोलचं तसं नाही. ते ठिणगीची वाटच बघत असतं.

शाळेत असताना एकदा वडिलांबरोबर एसटीने पुण्याहून येत होतो. खंबाटकीच्या घाटात गाड्या थांबल्या. पुढच्या वळणावर एक मोटार पेटली होती. कुणीतरी म्हणालं, पेट्रोलची नळी फुटली. माणसं वेळेत बाहेर पडली होती, कुणाला काही झालं नव्हतं. पण मोटारीचं एक दार उघडं राहिलं होतं आणि सीटवर कुणाची तरी निळी पिशवी होती. ती पिशवी जळून संपेपर्यंत मी खिडकीच्या गजाला गाल लावून बघत राहिलो. गज गरम झाला होता की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. तेव्हापासून पेट्रोलचा वास आला की मला आधी ती पिशवी दिसते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साताऱ्यातलं काम सुटलं आणि अक्काने मला सांगलीला बोलावून घेतलं. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या नवऱ्याचं, दाजींचं, कुपवाडच्या एमआयडीसीत वर्कशॉप होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर. मी शेडच्या माळ्यावर राहायचो आणि जेवायला घरात जायचो. दाजी आवाजाने मोठे, हातांनी मोठे. मला ते ‘पाव्हणं’ म्हणायचे आणि मुद्दाम अहोजाहो करायचे. खरोखर काही सांगायचं असलं, तरच ‘तू’वर यायचे.

त्यांची एक रीत होती. दुरुस्त केलेली गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिची पहिली लांबची फेरी ते स्वतः मारायचे आणि शेजारी अक्काला बसवायचे. “दुसऱ्याची बायकापोरं बसणार हायती तिच्यात,” ते म्हणायचे. “आधी आपलं माणूस बसंल, मग त्यांचं.” हे सगळ्यांना माहीत होतं. दाजींकडे गाड्या यायच्या, त्याचं अर्धं कारण तेच होतं. अक्काला त्याचं काही वाटायचं नाही. ती पदर खोचून बसायची आणि वाटेत भाजी घ्यायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता विट्याचे एक शेठ आले. विट्याकडची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. हे त्यांतलेच, दक्षिणेत कुठेतरी दुकान असलेले. त्यांची एक जुनी पेट्रोल जीप गावी पडून होती. मुंबईच्या भंगारबाजारातून त्यांनी एक जपानी इंजिन उचललं होतं आणि गोणपाटात बांधून टेम्पोने आमच्या दारात आणून टाकलं होतं.

“मिस्त्री, माझा चुलतभाऊ नव्या गाडीतनं मला चढाला मागं टाकतो,” शेठ म्हणाले. “वर काचंतनं हात हालवतो. दिवाळीत मला त्याच्याकडं बघून हात हालवायचाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी दारात पायजे.”

गोणपाट सोडलं. इंजिनाच्या कुशीला टर्बो होता. टर्बो म्हणजे लोखंडी शंखासारखं एक यंत्र. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातलं चक्र गरगर फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि गाडी चढाला पळते. पण हे सगळं सांभाळणारा जो छोटा संगणक मूळच्या मोटारीत असतो, तो आलाच नव्हता. त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी कोयत्याने ऊस तोडावा तशा तोडलेल्या होत्या.

“मेंदू काढून घेतलाय आन् धड पाठवलंय,” दाजी म्हणाले. “मेंदू तुमी व्हायचं, पाव्हणं. पेट्रोल आन् ठिणगी तुमच्याकडं. बाकीचं लोखंड माझ्याकडं.”

मी नको म्हणालो. मी डिझेलवाला आहे, हे माझं काम नाही, असं सांगितलं. दाजी हसले. “दाब कळतो न्हवं तुमाला? मग झालं तर.”

दाब मला कळत होता, म्हणूनच मी घाबरलो होतो. संगणक नाही म्हटल्यावर पेट्रोल जुन्या पद्धतीने, ते हवेत मिसळून देणाऱ्या कार्ब्युरेटरमधून द्यावं लागणार होतं. टर्बो त्या कार्ब्युरेटरमध्ये हवा फुंकणार. हवा उलटी दाबत असताना पेट्रोल आत शिरायचं, तर ते त्याहून जास्त जोराने ढकललं गेलं पाहिजे. जीपचा जुना पंप त्या कामाचा नव्हता. ऐन चढावर पेट्रोल कमी पडलं की पिस्टन वितळतो. म्हणून मी जोरदार विजेचा पंप निवडला, आणि त्याच्यापुढे दाब धरून ठेवणारी एक झडप. टर्बोचा जोर वाढला की झडपेने पेट्रोलचाही जोर वाढवायचा, उरलेलं पेट्रोल टाकीत परत पाठवायचं. कागदावर सगळं बरोबर जमलं. आणि जमलं तशी माझी झोप उडाली. आता त्या जीपमध्ये दाबाखालचं पेट्रोल होतं, आणि ते तापून लाल होणाऱ्या टर्बोच्या शेजारून जाणार होतं.

एकेका वस्तूने मला घाबरवलं. कार्ब्युरेटरमधला तरंगता पितळी डबा आतून पोकळ. हवेच्या दाबाने तो चेपेल असं वाटून मी भरीव तरंगता तुकडा मिळेपर्यंत सांगली-मिरजेची दुकानं पालथी घातली. स्पार्क प्लग लांब नाकाचा घेतला तर त्याचं टोक निखाऱ्यासारखं तापून ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवणार; म्हणून थंड जातीचा, आखूड नाकाचा प्लग घेतला. दाबलेल्या हवेत ठिणगी विझते, फुंकर मारल्यावर काडी विझावी तशी. म्हणून प्लगमधली फट कमी केली आणि ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल जास्त ताकदीची लावली. ठिणगी जरा उशिरा पडेल अशी वेळ लावली. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असेल या धास्तीने एका पंपावरचं पेट्रोल कागदावर टाकून, डाग उरतो का ते बघत बसलो. पंपावरच्या माणसाने विचारलं, “साहेब, वास घ्यायचाय का चव?”

दाजींना तर विषयच मिळाला होता. जेवायला बसलो की ते अक्काला सांगायचे, “आज तुझा भाऊ प्लगला भ्याला. काल डब्याला भ्याला हुता. उद्या बहुतेक स्टेपनीला भील.”

“आवं, गप जेवा,” अक्का म्हणायची. “तो भितोय म्हणून तर तुमी ह्या वयात धड हाय.”

“ह्या वयात म्हंजे?”

मी हसायचो. पण रोज रोज हसून आतून माणूस थकतो. मलाही वाटायला लागलं होतं, की हे भेकडपणच आहे, शहाणपण नाही. एक दिवस तरी या माणसासमोर निर्धास्त दिसावं, असं मला फार वाटायला लागलं होतं. ते कोणत्या दिवशी वाटलं, तेच तेवढं वाईट.

सगळं जमलं आणि उरली फक्त नळी. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी रबरी नळी. नवरात्र निम्मं सरलं होतं. मी आणि दाजी सांगलीत सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दाजी मागच्या बाजूला हॉर्न वाजवून बघत उभे राहिले; त्यांना हॉर्नचा लहान पोरासारखा नाद होता. दुकानदाराने नळीचं वेटोळं काउंटरवर ठेवलं.

“पेट्रोलला चालते,” तो म्हणाला. “पर दाबाला मी गॅरंटी देत न्हाई. दाबाची पायजे तर पुण्यासनं मागवाय लागंल. दसऱ्यानंतर यील.”

मी नळी दोन बोटांत धरून वाकवली. ती ताठर होती, बहुतेक बरीच वर्षं फळीवर पडलेली. एवढं म्हणायचं होतं, की नको, दसरा गेला तरी चालेल, थांबू. मागे हॉर्न वाजत होता. आता दाजी येणार, आणि मी नळीलाही भ्यालो म्हणून रात्रभर हसणार. मी मागे न वळता दुकानदाराकडे बघून म्हणालो, “चालेल. द्या.”

दाजी आले. “झालं?”

“झालं,” मी म्हणालो. “चांगली आहे.”

बस एवढंच. त्या महिन्यात मी ज्या गोष्टींना भ्यालो, त्यांतल्या निम्म्यांना तरी काही कारण नव्हतं. जिथे भ्यायला हवं होतं तिथे मी शूर झालो.

नळी बसवली, इंजिन चालू केलं, चांगलं चाललं. दाजींनी पत्र्याच्या शेडमध्ये टर्बोची शिट्टी ऐकली आणि माझ्या पाठीत थाप मारली.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. कुपवाडातल्या एकेका शेडमध्ये त्या सकाळी साबणाचा आणि झेंडूचा वास असतो. पाने, पकडी, हातोडे, करवती धुऊन पुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू लावायचं, आणि मग दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांची ती सुट्टी. दाजींच्या घरात हे फार कडक होतं. त्यांच्या वडिलांनी एका खंडेनवमीला कुणाच्या तरी नडीसाठी पूजेतला छन्नी-हातोडा उचलला होता आणि त्याच वर्षी त्यांची दोन बोटं गेली. त्याचा त्याच्याशी काय संबंध, असं विचारायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

अक्काने पाट मांडला. नवरात्राचे उपास, अनवाणी पाय, पण चेहरा टवटवीत. एकेका पान्याला तिने बोटाने कुंकू लावलं. जीपलाही हार घातला. हत्यारं बसली, पण वाहन चालतं. त्याला फक्त मान द्यायचा. दाजींनी मुहूर्ताला म्हणून जीप चालू केली, थोडी रेस दिली, बंद केली. “उद्या सातारा,” ते म्हणाले. “सासूबाईंना सोनं द्यायचं, आन् मग यवतेश्वरच्या घाटात हिचं पाणी बघायचं. काय गं, येणार न्हवं?”

“माझं माहेर, मला काय इचारताय?” अक्का म्हणाली.

दुपारी जेवण झाल्यावर मी शेडमध्ये एकटाच फिरत होतो. हातात पाना नसला की मला हातांचं काय करावं कळत नाही. जीपजवळून जाताना वास आला.

मी बॉनेट उघडलं. नळीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. नळी कुठे फुटलेली नव्हती. तिला घाम आल्यासारखं पेट्रोल पाझरत होतं, जिथे ती टर्बोच्या बाजूने वळली होती नेमकं तिथे. सकाळी इंजिन काही मिनिटंच चाललं होतं. उद्या ते साताऱ्यापर्यंत जाणार होतं आणि मग घाट चढणार होतं.

दाजी मिरजेला निघाले होते, स्कूटरला किक मारत. मी धावत गेलो.

“दाजी, नळी पाझरतेय. उद्या जायला नको.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. खरंच, त्यात काही वाईट नव्हतं, रोजच्यासारखे हसले. “पाव्हणं, तुमचं नाक हाय का भोंगा? सकाळी मीच कार्ब्युरेटर भरून सांडवला हुता, त्याचा वास हाय त्यो.”

“बोट ओलं झालं माझं.”

“मग धुवा की.” त्यांनी गिअर टाकला. “उद्या हत्यारं उठल्यावर बघू.”

“हत्यारं उठायच्या आधी आपण घाटात असणार!”

पण स्कूटर फाटकाबाहेर गेली होती. महिनाभर लांडगा आला रे आला ओरडणाऱ्याचं आणखी काय व्हायचं? आणि मी त्यांना हे सांगितलंच नाही की दुकानदार काय बोलला होता. तेवढं एक वाक्य बोललो असतो, तर ते स्कूटरवरून उतरले असते. जिभेवर आलं होतं. पण ते वाक्य म्हणजे माझ्या चुकीचं माप होतं, आणि मी ते गिळलं.

शेडमध्ये परत आलो. शेजारच्या शेडकडे बघितलं. तिथेही पाट, झेंडू, कुलूप. त्या दिवशी सगळ्या कुपवाडात उचलायला एक पाना नव्हता. नळी आवळणाऱ्या क्लिपच्या नटाला नाणं लावून बघितलं, अक्काच्या स्वयंपाकघरातली विळी आणावी का असा विचार केला, चिमटीत धरून नट फिरवायला गेलो आणि नख उलटं झालं. मग मी पाटासमोर उभा राहिलो.

ती भीती वेगळी होती. पेट्रोलची भीती पोटात असते. ही मानेवर होती. कुणीतरी मागे उभं आहे, अशी. दाजींच्या वडिलांचा हात मला आठवत होता, तीन बोटांनी चहाची बशी धरणारा. मी काही देवभोळा नाही असं सगळ्यांना सांगत आलो होतो. तरी पाटाजवळ गुडघे टेकून बसलो तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, “बोटं माझी घे, त्यांची नको.” कुणाला म्हणालो, मला आजही सांगता येणार नाही.

आणि दहा-अकराचा पाना उचलला.

नळी सोडवून दिवसाच्या उजेडात वाकवली. जिथे वळण होतं तिथे ती ओठ उघडावे तशी उघडली. आत सगळ्या बारीक भेगा. ती साताऱ्यापर्यंत टिकली असती की इस्लामपूरलाच फुटली असती, एवढाच प्रश्न होता. मला निळी पिशवी दिसली, आणि ती अक्काच्या मांडीवर होती.

त्या जागी काय घालायचं? मी डिझेलचा माणूस होतो ते तेव्हा कामाला आलं. डिझेलच्या इंजिनावर लोखंडी नळ्या असतात, दाबाला कधी नमत नाहीत. माझ्या सामानात एक धुतलेली, लांब नळी होती. गुडघ्यावर हळूहळू वाकवून ती टर्बोपासून जितकी दूर नेता येईल तितकी नेली. दोन्ही टोकांना रबर हवंच. तिथे जपानी इंजिनाबरोबर आलेल्या मूळच्या नळीचे दोन तुकडे वापरले. ते तेवढेच भरले. दुहेरी क्लिपा आवळल्या. इंजिन चालू केलं. अक्का घरात लवंडली होती, तिने आतूनच विचारलं, “काय रं?” मी म्हणालो, “काही नाही, आवाज ऐकतोय.” बोटं पुन्हापुन्हा फिरवली. कोरडी. पुसून पुन्हा फिरवली. कोरडी.

पाना पुसून जागेवर ठेवला. त्याच्यावरचं कुंकू माझ्या हाताला लागून गेलं होतं. करंड्यातलं घेऊन पुन्हा लावलं, आणि ते अक्काच्या बोटासारखं जमेना. फुटकी नळी भंगाराच्या पिंपात खोल दाबली.

दसऱ्याला सकाळी निघालो. दाजी आणि अक्का पुढे, मी मागे. मांडीवर ओलं केलेलं पोतं आणि पायाशी वाळूची बादली. “पाव्हण्याकडं बघ,” दाजी म्हणाले, “जत्रंला चाललंय का आग विझवाय?” अक्का हसली. मीही हसलो असेन. कऱ्हाडपर्यंत मी नाकाने रस्ता बघत होतो. माझी नळी बरोबर आहे याची मला खात्री होती आणि खात्रीचा काही उपयोग होत नव्हता. पूजेतला पाना लावून बसवलेली ती नळी. पेट्रोलने सोडलं तर देव धरेल, देवाने सोडलं तर पेट्रोल.

साताऱ्यात आईला सोनं दिलं, पाया पडलो, आणि घाटाला लागलो. दाजींनी पाय दाबला. टर्बोची शिट्टी चढत गेली, जीप मागून कुणी ढकलल्यासारखी निघाली. अक्काने पदर दातात धरला. डावीकडे सगळा सातारा खाली पडत चालला होता. एका वळणावर दाजींनी पाय काढला आणि मागे फाटकन आवाज झाला. सायलेन्सरमध्ये उरलेलं पेट्रोल पेटलं की तसा आवाज होतो, धोका नसतो. मला हे माहीत होतं. मी ओलं पोतं घेऊन उभा राहिलो होतो, टपाला डोकं आपटून, आणि ओरडत होतो, “अक्का, उतर! अक्का, उडी टाक!”

दाजींनी गाडी थांबवली. हसले नाहीत. माझा आवाज कसा निघाला असेल कोण जाणे. ते खाली उतरले, पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. अक्काही गेली. मी गेलो तेव्हा दोघं एकाच ठिकाणी बघत होती. लोखंडी नळीवर, वळणाच्या जागी, अंगठ्याएवढं कुंकू होतं.

“मी हितं लावलं नव्हतं,” अक्का हळू आवाजात म्हणाली. “मी बॉनेटला लावलं. आत हातच घातला न्हाई.” तिने हात जोडले. “आई हाय पाठीशी.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. लोखंडी नळी त्यांनी बसवलेली नव्हती, हे त्यांना दिसत होतं. माझ्या उलट्या झालेल्या नखाकडेही त्यांनी पाहिलं. अक्काचे डोळे मिटलेले होते. दाजींनीही हात जोडले आणि बॉनेट लावलं.

सांगलीला पोचल्यावर त्यांनी पिंप पालथं केलं. ती नळी काढली, वाकवली, ती पुन्हा ओठ उघडावे तशी उघडली. मी शेजारी उभा होतो.

“कुठला लावला?” त्यांनी विचारलं.

“दहा-अकराचा.”

ते खाली बसले, तिथेच, तेलकट जमिनीवर, दसऱ्याच्या नव्या कपड्यांनिशी. “हिच्यावर मी तुझ्या अक्काला बसवणार हुतो,” ते म्हणाले. “तू सांगत हुतास, आन् मी हसलो.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं, की ही नळी माझ्या पसंतीची. मी म्हणालो, “असू द्या दाजी.” क्षमा केल्यासारखं म्हणालो. हे मला आजवर सहन झालेलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला अक्काने पाट मांडला आणि म्हणाली, “दहा-अकराचा दिसंना.” दाजी म्हणाले, “हरवला वाटतं.” मी बघितलं, त्यांच्या खिशातून त्याचं टोक वर आलं होतं. तेव्हापासून दर वर्षी एक पाना पूजेला बसत नाही. वडिलांची बोटं आठवणारा तो माणूस, दर खंडेनवमीला तो पाना खिशात घालून फिरतो, कुणाला नड पडली तर असावा म्हणून. मला मान देण्यासाठी. आणि दर वर्षी मला तो मान गिळावा लागला. अक्का कुंकवाची गोष्ट आल्यागेल्याला सांगते. मी तेव्हा काहीतरी शोधायला उठतो.

गेल्या खंडेनवमीला मी सांगितलं. दाजी आता थकले आहेत. शेड दुसऱ्याला चालवायला दिली आहे, पण पूजा तेच करतात. पाटाजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, “दाजी, ती नळी दाबाची नव्हती, हे दुकानदार मला बोलला होता. मी ऐकून घेतली. तुम्ही हसाल म्हणून.”

त्यांनी पाटावरचा झेंडू सारखा केला. मग म्हणाले, “मलाबी ऐकू आलं हुतं.”

“तुम्ही हॉर्न वाजवत होता.”

“एका हातानं. कान काय हॉर्नमधी घातलं हुतं व्हय?” मग म्हणाले, “मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू भ्याला न्हाईस. म्हटलं, हा भेना, म्हंजे ठीक असंल. तुझ्या भ्यायावर मी गाड्या सोडायचो रं. हसायचो, ते येगळं.”

“भ्यालो होतो,” मी म्हणालो. “तोंड फिरवलं होतं.”

“मग मी बघितलं ती तुझी पाठच म्हणायची,” ते म्हणाले, आणि खिशावर हात ठेवला. आतून अक्काने विचारलं, “घावला का गं बाई तो पाना?” कुणाला विचारलं देव जाणे, दर वर्षी विचारते. दाजींनी पान्याचं टोक खिशात खाली दाबलं.

तिला अजून माहीत नाही. तिच्यासाठी त्या नळीवर देवीचा अंगठा आहे, आणि तो माझा होता हे सांगितलं तर तिचं काय काय जाईल याचा मला अंदाज येत नाही. पण दाजींची रीत मी त्यांच्याच शेडमध्ये शिकलो आहे. काहीही दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आधी आपलं माणूस बसवायचं. म्हणून हे लिहिलेलं आधी अक्का वाचेल. आता मी साताऱ्यात राहतो; उद्या सकाळच्या गाडीने सांगलीला निघतो आहे. कागद पिशवीत घातले आहेत. या वेळी मी तोंड फिरवणार नाही.